गाळलेली गावे

प्रवासाचे खरे सुख प्रवासाच्या आखणीत असते, असे एक सुभाषितवजा मत पुष्कळांच्या तोंडी ऐकू येते. हे मत मांडणाऱ्या गृहस्थांनी आखणीचे काम आजवर दुसऱ्या कोणावर तरी सोपविलेले असावे, अशी मला दाट शंका आहे. आखणीत सुख असते, पण ते पहिल्या संध्याकाळपुरते. मेजावर नकाशा पसरलेला असतो, त्याचा वळू पाहणारा कोपरा चहाच्या कपाने दाबून धरलेला असतो, आणि नकाशावरील झाडून सारी गावे आपल्याला नावाने हाका मारीत असतात. दुसऱ्या संध्याकाळी हिशेब सुरू होतो. मग कळून येते की, गावे निवडण्याचे काम कोणालाही जमेल. खरी कसोटी लागते ती गाळण्याच्या वेळी.

गेले तीन महिने गिरगावातील आमच्या तीन खोल्यांत दक्षिण युरोप बिऱ्हाड करून राहिला आहे. हा बेत आजचा नव्हे. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी मी आणि माझी पत्नी यांनी तो प्रथम केला, आणि पुढे पंचवीस वर्षे तो मोठ्या नियमितपणे पुढे ढकलला. कधी घराचे कर्ज आडवे आले, कधी मुलाच्या शिक्षणाचा खर्च, कधी वडिलांचे आजारपण. गेल्या वर्षी कर्ज फिटले, मुलगा नोकरीला लागला, आणि नेमक्या त्याच पावसाळ्यात पत्नीचे गुडघे बोलू लागले. डॉक्टरांनी सांगितले की, आज ना उद्या शस्त्रक्रिया करावी लागेल. तोवर चालावे, पण बेताने. पैसा आणि पाय या दोहोंनी एकाच वेळी साथ द्यावी असा काळ मध्यमवर्गीय माणसाच्या आयुष्यात फार थोडा असतो. तो आमच्या हाती आला आहे, आणि तो किती दिवस हाती राहील याची शाश्वती नाही. म्हणून यंदाच्या मे महिन्यात जावयाचे ठरले.

मे महिना ठरविण्यात आमचे शहाणपण नाही. कॉलेजच्या सुटीने तो ठरविला. पण सुटीनेही अशा कामी कधी कधी शहाणपण दाखवावे! २०२३ च्या जुलै महिन्यात अथेन्सला उन्हाची अशी लाट आली की, भर दुपारी अक्रोपोलिस प्रवाशांना बंद ठेवणे भाग पडले. घामाची हौस भागविण्यासाठी मुंबईकराने समुद्र ओलांडण्याचे कारण नाही.

पहिल्या संध्याकाळी आमच्या यादीत आठ गावे होती : लिस्बन, ग्रॅनाडा, बार्सिलोना, मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम आणि अथेन्स. यातील प्रत्येक गावाला घरात कोणी ना कोणी वकील होता. लिस्बन माझे. ज्या भाषेने आपल्याला पाव, बटाटा, चावी, घमेले आणि दर महिन्याचा पगार हे शब्द दिले, जिच्यातील एका अफोन्सोच्या नावाचा आपण हापूस केला, तिचे माहेर एकदा पाहावे अशी माझी इच्छा होती. ग्रॅनाडा आम्हा दोघांचे. अलहंब्रा राजवाड्यातील पाण्याच्या चौकाचे एक चित्र कोणत्याशा जुन्या दिनदर्शिकेतून कापून पत्नीने कपाटाच्या दाराला आतून चिकटविले आहे. रोज सकाळी कपाट उघडताना ते आम्हाला दिसते. बार्सिलोना मुलाचे. तो स्वतः येणार नाही. परंतु तेथील फुटबॉलच्या मैदानाला आम्ही त्याच्या वतीने हात तरी लावून यावा, असा त्याचा आग्रह. मिलानची शिफारस कॉलेजातील एका सहकाऱ्याची. व्हेनिस सर्वस्वी पत्नीचे, आणि त्याचे मूळ कोणत्याही इतिहासग्रंथात नसून 'द ग्रेट गॅम्बलर' या १९७९ सालच्या हिंदी चित्रपटात आहे. नायक-नायिका त्यातील एका गाण्यात व्हेनिसच्या कालव्यातून नावेने जातात. तेव्हापासून ते पाणी तिच्या मनात हलत राहिले आहे. उरलेली तीन गावे माझ्या पेशाची. फ्लॉरेन्स दान्तेचे, अथेन्स सॉक्रेटिसाचे, आणि रोम? ते सीझरचे खरे, पण माझ्या लेखी कीट्सचे.

आता दुसऱ्या संध्याकाळचा हिशेब. सुटी एकवीस दिवसांची. जाण्यायेण्याचे दोन दिवस वजा जाता रात्री एकोणीस. आठ गावे म्हणजे सात वेळा बोचकी बांधणे, सात वेळा स्टेशन नाहीतर विमानतळ गाठणे, सात वेळा अनोळखी गल्लीत बिऱ्हाड शोधणे. दर वेळी दिवसाचा मोठा भाग यातच जावयाचा. लिस्बनपासून अथेन्सपर्यंतचे अंतर सरळ रेषेत मोजले तरी अडीच हजार किलोमीटरांहून अधिक भरते. बेरीज-वजाबाकी करून पाहिली, तेव्हा बहुतेक गावांच्या वाट्याला एकेक धड दिवस आणि एकेक दमलेली संध्याकाळ एवढेच आले.

अशा स्थितीत व्हिसाचा अर्ज समोर आला. या अर्जाविषयी लोक पुष्कळ कुरकुर करतात. बँकेचे उतारे द्या, परतीचे तिकीट दाखवा, किमान ३०,००० युरोंचा विमा उतरवा, प्रत्येक रात्रीचा पत्ता लिहा. मला मात्र त्यातील एका प्रश्नाने तत्त्वज्ञानाच्या तासाला बसविले. शेंगेन करारातील साऱ्या देशांना एकच व्हिसा चालतो. पण अर्ज कोणत्या वकिलातीकडे करावयाचा, तर ज्या देशात आपला मुक्काम सर्वांत अधिक दिवस असेल त्या देशाच्या. म्हणजे तुमचे मुख्य ठिकाण कोणते, ते सांगा. नियमाने पाहता आमचे उत्तर इटली असे निघत होते. पण इटलीत तरी कोठे? चार गावांत दोन दोन रात्री. मुख्य ठिकाण कोठेच नव्हते, नुसती ठिकाणे होती.

येथे कोणी म्हणेल, "अहो, परत थोडेच जाणे होणार आहे? एकदा खर्च करताच आहात, तर सगळेच पाहून घ्या!" हे वाक्य आमच्या बेतासंबंधी मी दादरपासून गिरगावापर्यंत किमान वीस जणांच्या तोंडून ऐकले. त्यातला जिव्हाळा मला कळतो. पंधरवड्यात अर्धा युरोप दाखवून आणणाऱ्या सहलींनाही मी नाक मुरडणार नाही. त्यांनी हजारो मराठी कुटुंबांची परदेशाची भीती मोडली, आणि आल्प्सच्या पायथ्याशी वरणभात वाढून आयुष्यात पुणे-नाशिकपलीकडे न गेलेल्या वृद्धांना निर्धास्त केले. हे काही लहान काम नव्हे. पण 'परत थोडेच येणार' या वाक्यातून निघणारा निष्कर्ष मला उलटा वाटतो. ज्या माणसाला आपण पुन्हा भेटणार नाही हे ठाऊक असते, त्याच्याशी आपण दोन मिनिटे बोलून पुढच्याकडे वळत नाही. उलट त्याच्याजवळ थोडे अधिक बसतो.

आणि बसण्याची, मुक्काम करण्याची विद्या आपल्याला नवी नाही. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटरांचे. मोटारीने ते एका सकाळीत तुटते. माउलींची पालखी त्याला अडीच आठवडे घेते, आणि वाटेत पुण्याला चांगल्या दोन रात्री राहते. कोणी वारकरी आपण यंदा किती गावे केली याचा आकडा सांगत नाही. मिलानला दा विंचीचे 'शेवटचे भोजन' ज्या भिंतीवर आहे, तेथे प्रवाशांच्या एकेका तुकडीला पंधरा मिनिटे मिळतात, हे कळल्यावर माझा सहकारी हळहळला. मी त्याला म्हटले की, लालबागला १९३४ पासून बसत आलेल्या राजाच्या पायाशी पंधरा मिनिटे मिळाली, तर भाविकाला ती चैन वाटेल. परंतु लालबागच्या रांगेत रात्र काढणारा माणूस त्या रात्री दुसरीकडे कोठे जावयाचा नसतो; रांगेत उभे राहणे हाही त्याच्या दर्शनाचाच भाग असतो. सकाळी मिलान, दुपारी गाडी आणि रात्री व्हेनिस अशा माणसाला पंधरा मिनिटांत दर्शन घडत नाही, हजेरी लागते.

हे सारे विचार मी घरात बोलून दाखवीत असे, आणि यादी मात्र आठाची आठ राहत असे. निकाल लावला तो आईने. आईचे वय ब्याऐंशी. वडिलांबरोबर ती १९८४ साली काशीला जाऊन आली, तो तिचा एकच मोठा प्रवास. काशीला गेले म्हणजे आवडीचे एखादे फळ अथवा भाजी सोडावयाची, अशी आपल्याकडे रीत आहे. आईने फणस सोडला. कोकणातल्या माहेरच्या फणसावर जिचा जीव, तिने तो सोडला, आणि चाळीस वर्षांत त्याचा एक गरा तोंडात घातला नाही. आमची नकाशावरची ओढाताण ती कित्येक दिवस खाटेवरून पाहत होती. एके रात्री म्हणाली, "अरे, आम्ही काशीला पोहोचून एक वस्तू सोडली. तुम्ही निघायच्या आधीच सोडा, म्हणजे ओझं कमी होईल."

त्या रात्री आम्ही खरोखरच सोडावयास बसलो. मिलान पहिल्या प्रथम गेले. शिफारशीवर आलेला पाहुणा लवकर उठतो. मग बार्सिलोना. ज्या गौदीच्या मंदिराचे काम १८८२ मध्ये सुरू झाले आणि १९२६ मध्ये त्याला मृत्यू आला तेव्हाही जे अपुरेच होते, ते माझ्यासाठी नाही तरी माझ्या मुलासाठी थांबेल. त्याचे गुडघे शाबूत आहेत. लिस्बन सोडताना मी स्वतःची समजूत अशी घातली की, ते गाव पूर्वीच आपल्या घरी येऊन गेले आहे. आमच्या घरापासून चार पावलांवर खोताच्या वाडीत पोर्तुगीज धाटणीची लाकडी सज्जांची घरे उभी आहेत, आणि दादरला 'पोर्तुगीज चर्च' एवढे म्हटले की टॅक्सीवाल्याला दुसरी खूण सांगावी लागत नाही. ग्रॅनाडाच्या वेळी मात्र कोणीच काही समजूत घातली नाही. पत्नीने पेन्सिलीने त्या नावावर रेघ ओढली आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. कपाटातील चित्र तिने काढलेले नाही.

राहिली चार. त्यांतील अथेन्ससाठी निराळे विमान आणि एक अख्खा दिवस लागणार होता, आणि व्हेनिसला चारशेहून अधिक पूल, बहुतेक पायऱ्यांचे. गुडघ्यांचा विचार करून पत्नीच म्हणाली, "अहो, माझं व्हेनिस काढा. तुमचं अथेन्स राहू दे." एवढे बोलून तिने पेन्सिल माझ्यापुढे सरकविली. अठ्ठावीस वर्षे वर्गात सॉक्रेटिसाचे नाव घेणारा मी. टाउन हॉलचे १८३३ मध्ये पुरे झालेले ग्रीक धाटणीचे खांब पाहून कॉलेजच्या दिवसांत अथेन्सची स्वप्ने पाहिलेला. पण त्या क्षणी मला सॉक्रेटिसापेक्षा समोर बसलेले माणूस जवळचे वाटले. मी अथेन्सवर रेघ मारली. "आणि पुलांचं काय?" तिने विचारले. "पूल चढायचेच नाहीत. बोटीत बसायचं." ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "मला तरी सगळं कुठे बघायचंय? त्या पाण्यावर एकदा निवांत बसायचंय."

अशा रीतीने आमचा अर्ज पुरा झाला. मुख्य ठिकाण : इटली. रोमला नऊ रात्री, फ्लॉरेन्सला सहा, व्हेनिसला चार. रोमहून फ्लॉरेन्सला आगगाडीने दीड तास, तेथून व्हेनिसला दोनेक तास. बोचकी बांधावयाची ती दोनदाच. गंमत अशी की, २०२४ पासून व्हेनिसच्या नगरपालिकेने हंगामातील ठरावीक दिवशी, सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्या पाहुण्यांवर पाच युरोंची पट्टी बसविली. गावात रात्र काढणाऱ्यास ती माफ आहे. मुक्कामाचे माहात्म्य त्या नगरपालिकेला कळते असे दिसते.

फ्लॉरेन्सला आम्ही सांता क्रोचेच्या चर्चमध्ये दान्तेची समाधी पाहू. ती रिकामी आहे. १३०२ मध्ये गावाने त्याला हद्दपार केले, १३२१ मध्ये तो राव्हेन्नाला मरण पावला आणि तेथेच त्याच्या अस्थी राहिल्या. त्याच्या महाकाव्याची एक जुनी हस्तलिखित पोथी आपल्या फोर्टातील एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे. तेव्हा दान्तेचा काही अंश फ्लॉरेन्सपेक्षा मुंबईत अधिक आहे, असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही. रोममध्ये एक सकाळ मी कीट्ससाठी राखून ठेवली आहे. उबदार हवेने क्षय बरा होईल या आशेने तो १८२० च्या नोव्हेंबरात त्या शहरी आला, आणि २३ फेब्रुवारी १८२१ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तेथेच गेला. त्याच्या थडग्याच्या दगडावर त्याचे नाव नाही. रोम त्याने पाहिले असेल ते थोडेसेच. पुढे खिडकीतून दिसेल तेवढे.

परवा मी आईला सहज विचारले, "फणस सोडल्याचं कधी वाईट नाही वाटलं?" ती म्हणाली, "वाटतं की! दर वैशाखात वाटतं. पण त्याआधी इतके फणस खाल्ले, त्यांतला एक तरी आठवतोय का? सोडलेला तेवढा आठवतो." मग तिने तिकीट केव्हाचे आहे, बरोबर लाडू किती द्यावयाचे, आणि तिकडे पत्नीला गुडघ्याला लावावयास तेल मिळते की येथूनच न्यावे, असे तीन प्रश्न एका दमात विचारले. तिसऱ्याचे उत्तर मला ठाऊक नव्हते. तेलाची बाटली सामानाच्या यादीत पहिली लिहिली आहे.