ठोक्यांचा मेळ

द्रोणागिरी हे नाव उच्चारताच मारुतिरायाची आठवण होते. सूर्योदयापूर्वी संजीवनी लंकेत पोचली पाहिजे, एवढीच अट होती. औषधी ओळखता येईना, तेव्हा त्याने पर्वतच उचलला. वेळेशी मेळ घालण्याचा हा मार्ग मारुतीलाच शोभणारा. उरणजवळच्या ज्या द्रोणागिरीत आमचे बिऱ्हाड आहे, तेथील सामान्य माणसांस निराळे मार्ग शोधावे लागतात. असा एक मार्ग आमच्या पुतण्याने आम्हांस दाखविला, आणि तो पाहता पाहता आमच्याच एका अपराधाचा पत्ता लागला.

पुतण्या इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनीअर. गेल्या पावसाळ्यात तो चार दिवस राहावयास आला, तो जेवणाच्या टेबलावर एक सर्किट मांडूनच बसला. एका यंत्राने पाठविलेली अक्षरे दुसऱ्या यंत्रात पोचताना मधूनच बिघडत होती. "तार तुटकी आहे का रे?" आम्ही विचारले. तो म्हणाला, "तार ठीक आहे, काका. घड्याळे जुळत नाहीत."

यंत्रांचे बोलणे म्हणजे शून्य आणि एक यांची मालिका. तारेकडे नेमके केव्हा पाहावयाचे, हे ऐकणाऱ्या यंत्राला त्याच्या पोटातील क्वार्ट्झ स्फटिकाचे ठोके सांगतात. परंतु दोन स्फटिक कधी हुबेहूब सारखे चालत नाहीत. एक दहा लाखांमागे २० ठोके पुढे आणि दुसरा तितकाच मागे असला, तर दर २५,००० ठोक्यांस एका ठोक्याची चूक पडते. आणि सेकंदास लक्षावधी ठोके मोजणाऱ्या यंत्रास २५,००० म्हणजे डोळ्याचे पाते लवण्याइतकाही अवधी नव्हे. त्यातून पुतण्याचे पाठविणारे यंत्र कधी सावकाश बोले, कधी भरभर.

"मग दोघांस एकच घड्याळ का लावून देत नाहीस?" आम्ही सुचविले, आणि सुचविताच मुंबईची आठवण झाली. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने साऱ्या देशास एक प्रमाण वेळ लावून दिली. मुंबईच्या स्वतःच्या वेळेहून ती ३९ मिनिटे पुढे होती. शहराने तिला कडाडून विरोध केला, आणि पुढे कित्येक वर्षे मुंबईत दोन वेळा शेजारीशेजारी नांदल्या. हुकमाने लावलेले घड्याळ भिंतीवर चालते. मनात चालेलच असे नाही.

पुतण्याचा उपाय निराळा होता. ऐकणाऱ्याने बोलणाऱ्याची लय त्याच्या बोलण्यातूनच ओळखावयाची. शून्याचा एक किंवा एकाचा शून्य झाला की तो क्षण आपल्या ठोक्याशी ताडून पाहावयाचा. आपण पुढे असलो तर थोडे रेंगाळावयाचे, मागे असलो तर पाऊल उचलावयाचे. या रचनेस फेज-लॉक्ड लूप म्हणतात; फ्रान्समधील आंरी द बेलसीझ याने १९३२ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले होते. वेगच बदलला, तर आलेल्या पहिल्या स्पंदाची लांबी मोजून आपली चाल नव्याने बसवावी लागते. मात्र प्रत्येक बारीक थरथरीमागे धावले तर आपलीच लय सुटते, आणि फारच सुस्त राहिले तर समोरच्याचा हात सुटतो.

शिवाय मध्ये थोडे कोठार लागते. ते कसे, हे सांगण्यास पुतण्याने खिडकीबाहेर बोट दाखविले. १९८९ साली सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदराकडे ट्रेलरांची रांग लागली होती. जहाज शेकडो कंटेनर एकदम उतरविते. रेल्वे व ट्रेलर ते आपल्या चालीने नेतात. दोहोंमधील तफावत यार्ड पोटात घेते. सर्किटातही असेच यार्ड असते, त्यास बफर म्हणतात. "पण काका," तो म्हणाला, "सरासरी वेग जुळलाच नाही, तर यार्ड कितीही मोठे करा, एक दिवस ते भरते किंवा रिकामे पडते. आणि सर्वांत घातक म्हणजे लांब स्तब्धता. तारेवर काही बदलतच नसले, की ऐकणारा आपल्याच ठोक्यांवर विसंबतो आणि भलतेच ऐकतो."

हे शब्द कानी पडले आणि आमची दृष्टी आरामखुर्चीकडे वळली. तेथे नाना, आमचे वडील, बसले होते. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्यांची वाचा परत आली, पण दोन शब्दांत मोठे अंतर पडू लागले. ते "मला" म्हणत, तोच आम्ही विचारीत असू, "पाणी देऊ? पंखा लावू?" त्यांची वाक्ये आम्हीच पुरी केली आणि त्यास सेवा समजलो. पुढे ते बोलेनासेच झाले. आजार बळावला, असे आम्ही आल्यागेल्यास सांगत होतो. नानांचा शब्द वाटेत असताना आम्ही आपल्या ठोक्याने पाहत होतो आणि तेथे शून्य वाचीत होतो!

त्या रात्री आम्ही खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसलो. बऱ्याच वेळाने नाना म्हणाले, "मला". पाण्याचा पेला जवळच होता. हात तिकडे निघाला, तो आवरला. पावसाची एक सर येऊन गेली. मग शब्द आला, "गाडी". आणि कितीतरी वेळाने तिसरा, "दाखव."

उरणची लोकल १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाली. येथे रेल्वे यावी म्हणून नानांनी अर्धे आयुष्य वाट पाहिली होती. ती पाहण्याची इच्छा त्यांनी याआधी किती वेळा सांगावयास घेतली असेल, आणि आम्ही प्रत्येक वेळी पाण्याचा पेला पुढे केला असेल!

दुसऱ्या दिवशी चाकांच्या खुर्चीतून त्यांस द्रोणागिरी स्टेशनावर नेले. गाडी आली, क्षणभर थांबली आणि सुटलीही. नानांनी काही सांगावयास आरंभ केला होता. गाडी दिसेनाशी झाली तरी त्यांचे वाक्य पुरे व्हावयाचे होते. फलाट रिकामा झाला. आम्हांस घाई नव्हती.