जे आधी घडेल ते

बँकेच्या नोकरीत उभी हयात घालवलेल्या माणसाला काही शब्द कायमचे चिकटून बसतात. ‘यांपैकी जे आधी घडेल ते’ हा त्यांतलाच एक शब्दप्रयोग. करारपत्रांच्या मसुद्यांत तो मी असंख्य वेळा वाचला. निवृत्तीनंतर तोच शब्दप्रयोग अमेरिकेत, चिरंजीवांच्या घरामागे उभ्या असलेल्या एका वाहनाच्या माहितीपुस्तिकेत भेटेल, असे मात्र कधी वाटले नव्हते.

चिरंजीव मिशिगन राज्यात, डेट्रॉईटजवळ राहतात. त्यांनी एक ट्रॅव्हल ट्रेलर घेतला आहे. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायचे लहानसे घर. आत ओटा, शेगडी, फ्रीज आणि चौघांच्या झोपण्याची सोय. प्रवासातही घरचा स्वयंपाक करता येतो, म्हणून आमच्या सौभाग्यवतींना तो पाहताक्षणीच आवडला. त्याला इंजिन नसते. त्यामुळे त्याची देखभाल ती काय करायची, असा समज सहज होतो. परंतु आमच्या ट्रेलरला दोन आस, चार चाके आणि प्रत्येक चाकाच्या हबमध्ये आत-बाहेर अशी दोन बेअरिंगे आहेत. घराचा बहुतेक भार या आठ बेअरिंगांवर असतो.

रिकाम्या वेळी मी ती पुस्तिका चाळली. चाकांची बेअरिंगे 12 महिन्यांनी किंवा 12,000 मैलांनी, म्हणजे सुमारे 19,000 किलोमीटरनी, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा काढून, धुऊन, तपासून पुन्हा वंगण भरून बसवावीत, असे तीत लिहिले होते. मी चिरंजीवांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, “अण्णा, दोन वर्षांत दोन हजार मैलसुद्धा झाले नाहीत. बारा हजारांना अजून पुष्कळ अवकाश आहे.”

त्यांनी अटीचा एकच भाग वाचला होता, हे माझ्या ध्यानात आले. तरीही मी आग्रह धरला नाही. मुलाच्या घरी चार महिन्यांसाठी गेलेल्या बापाने प्रत्येक बाबतीत तोंड घालू नये, असा माझा नियम आहे. नियम चांगला आहे. पण तो कुठे लावायचा, हे मला त्या दिवशी कळले नाही.

जुलैमध्ये आम्ही सहकुटुंब उत्तरेकडे निघालो. वाटेत मॅकिनॉचा प्रसिद्ध झुलता पूल ओलांडायचा होता. 1957 साली वाहतुकीस खुला झालेला हा पूल सुमारे आठ किलोमीटर लांब आहे आणि गाडी बाजूला घेण्यासाठी त्यावर मोकळी पट्टी नाही. पुलाच्या बरेच अलीकडे एका विश्रांतिस्थळी आम्ही थांबलो. मी पाय मोकळे करता करता ट्रेलरभोवती फिरलो आणि चाकांच्या हबांजवळ हात नेऊन पाहिला. तीन हब सारखेच कोमट होते. चौथ्याजवळ हात नेताच धग लागली आणि जळक्या वंगणाचा वास आला. मोटारीत मागच्या आसनावर नात झोपली होती.

मेकॅनिक येईपर्यंत चार तास गेले. त्याने चाक उतरवले, हब काढला आणि एक शब्दही न बोलता आतील बेअरिंग चिरंजीवांच्या हाती ठेवले. रोलरवर गंजाचे खड्डे पडले होते, धातूवर निळसर झाक आली होती आणि मागचे सील फाटले होते. बेअरिंग पूर्ण निकामी झाले असते, तर चाक आसावरून निखळू शकले असते. ते पुढे कोणाच्या गाडीवर जाऊन आदळले असते, याचा विचार आजही करवत नाही.

“चाललाच नाही तर बिघडला कसा?” हा चिरंजीवांचा प्रश्न होता. उत्तर उभे राहण्यातच होते. मिशिगनच्या हिवाळ्यात ट्रेलर महिनोन्महिने एकाच जागी उभा असतो. हवेतील ओल आत शिरते, वंगण जुने होते, आणि रोलर जिथे टेकलेले असतात तिथेच गंज धरतो. मैल न मोजताही वर्ष आपले काम करीत असते.

मी त्यांना बोल लावला नाही, कारण मला माझीच एक चूक आठवली. तरुणपणी एका शाखेत हळदीच्या तारणावर दिलेले एक कर्ज माझ्याकडे होते. खाते नियमित, उलाढाल थोडी, तक्रार काहीच नाही. म्हणून एका तिमाहीत गोदामात न जाताच मी तपासणीच्या कागदावर सही केली. पुढच्या खेपेस गेलो, तेव्हा तळाची पोती ओलीने कुजलेली होती. खाते शांत होते, माल शांतपणे नासत होता. व्यापाऱ्याचे नुकसान झाले. वरिष्ठांनी मला फक्त समज दिली, पण ती सही मी विसरलेलो नाही.

त्या सहलीनंतर आम्ही बापलेकांनी एक क्रम ठरवला. प्रत्येक थांब्यावर हबाजवळ हात नेऊन चारही चाकांची तुलना करायची. एकच चाक अधिक तापले, तर बेअरिंगचा किंवा ब्रेकचा दोष समजून पुढे जायचे नाही. हंगामाच्या आरंभी चाक उचलून हाताने फिरवायचे, खरखर ऐकायची, वरखाली धरून हलवून ढिलेपणा पाहायचा. वर्षातून एकदा, मैल कितीही झालेले असोत, सर्व बेअरिंगे काढून तपासायची आणि सील दर वेळी नवे घालायचे. होडी वाहणाऱ्या ट्रेलरचे हब पाण्यात बुडतात, त्यांना तर याहून लवकर उघडावे लागते.

काही आसांना बाहेरून पिचकारीने वंगण भरण्याची सोय असते. पण वंगण भरणे म्हणजे तपासणी नव्हे. जोराने वा अति भरले, तर मागचे सील सुटून वंगण ब्रेकवर जाते आणि नवेच संकट उभे राहते. चाक पुन्हा बसवल्यावर पहिल्या 10, 25 आणि 50 मैलांनंतर नट ठरलेल्या जोराने आवळून पाहावेत, हेही आम्ही क्रमात लिहिले.

लहानपणी बाजारच्या दिवशी गाडीवान परतण्यापूर्वी बैलगाडीच्या आसाला वंगण घालताना मी पाहिले आहे. गाडीखाली टांगलेले वंगणाचे नळकांडे हेच त्याचे देखभालीचे खाते. ट्रेलरला मात्र मैल मोजणारे स्वतःचे यंत्र नसते. हिशेब आपणच ठेवावा लागतो. म्हणून मी निघण्यापूर्वी एक लाल बांधणीची वही त्याच्या खणात ठेवली: तारीख, प्रवासाचे मैल, केलेले काम आणि सही.

यंदा एप्रिलमध्ये चिरंजीवांचा दूरध्वनी आला. “अण्णा, बेअरिंगचे काम केले. वहीत नोंदही केली.”

“सील नवे घातले?” मी विचारले.

“घातले. आणि सही चाक उघडून पाहिल्यावरच केली,” ते म्हणाले. हळदीची हकीकत मी त्यांना त्या विश्रांतिस्थळी, मेकॅनिकची वाट पाहताना सांगितली होती.