पाटोद्याचं पाणी, साडेनऊचा पीएच!

तर झालं असं, की एका रविवारी पुण्यात आमच्या हॉलमध्ये चक्क सायन्सचं प्रॅक्टिकल भरलं. ओळखीतले एक काका जपानी तंत्राचं मशीन घेऊन आले. नळाच्या पाण्यात दोन थेंब टाकले, पाणी हिरवट. मशीनच्या पाण्यात टाकले, जांभळं! 'वहिनी, अ‍ॅसिडिटी विसरा. आणि हिची स्किन तर अशी ग्लो करेल ना...' किंमत दोन लाखांच्या वर. आणखी चार जणांना विकलं की कमिशन! वर्षानुवर्षं अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या खाणारी आई एफडी मोडायला निघाली. आणि खरं सांगू? पिंपल्सना कंटाळलेली मीही मनातून तयार होते.

पण त्याच आठवड्यात मैत्रिणीच्या मामांकडे पाटोद्याला जायचं ठरलं होतं. त्यांच्याकडे असंच मशीन आहे म्हणे. म्हटलं, चला, लाइव्ह डेमो!

पाटोदा म्हटलं की लोक आधी विचारतात, 'ते आदर्श गाव?' नाही हो, ते छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातलं. हे बीड जिल्ह्यातलं, बालाघाटच्या डोंगररांगेवरचं तालुक्याचं गाव. पुण्याहून अहिल्यानगर, जामखेड करत गेलं की वाटेत सौताडा लागतं. पावसाळ्यात इथला धबधबा बघायला गर्दी उसळते. दरीत उतरलं की रामेश्वराचं देऊळ. आम्ही गेलो एप्रिलमध्ये. धबधब्याच्या जागी नुसता काळा कडा!

याच तालुक्यात मांजरा नदी उगम पावते. पुढे केज तालुक्यात धनेगावला तिच्यावर धरण आहे आणि लातूर शहर त्याच धरणाच्या पाण्यावर. 2016 च्या दुष्काळात ते कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. थोडक्यात, इथं पाण्याची चर्चा पीएचवर नाही, हंड्यांवर होते.

मामांच्या किचनमध्ये ओट्यावर ते मशीन दिमाखात उभं. शेजारी माठ. मशीनला दोन नळ्या. एकीतून 'हेल्दी' पाणी ग्लासात, दुसरीतून भलतंच पाणी खाली बादलीत. मी विचारलं तर मामी म्हणाल्या, 'माय, ते आम्लाचं पाणी. प्यायचं नाही म्हणतेत. आता हितं टँकरची वाट बघायची अन् हे मोरीत सोडायचं व्हय? म्या भांडे घासायला घेते.'

मला तिथंच क्लिक झालं. मशीनमध्ये जादू नाही, वीज आहे. आत प्लॅटिनमचा मुलामा दिलेल्या टायटॅनियमच्या पट्ट्या असतात. त्यातून वीज गेली की पाणी दोन वाटांना जातं, एक अल्कलाइन, दुसरं आम्लधर्मी. म्हणजे पहिलं हवं तर दुसरं निघणारच. त्यातून मराठवाड्याचं बोअरचं पाणी जड. पट्ट्यांवर क्षारांचा पांढरा थर साचतो आणि क्लीनिंगचा खर्च सुरू.

मग मी पर्समधून पीएचच्या पट्ट्या काढल्या. (हो, आणल्या होत्या!) मशीनचं पाणी साधारण साडेनऊ. मामींच्या माठातलं बोअरचं पाणी आठच्या आसपास! बेसॉल्टच्या काळ्या खडकातून मुरताना पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट उतरतात. म्हणजे अल्कलाइन पाणी पाटोदेकर फुकटात पितायत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात पीएच साडेसहा ते साडेआठ आहे. साडेनऊचं पाणी त्यात बसतच नाही!

आता पोटाचं बघू. जठरातलं आम्ल इतकं कडक, की त्याचा पीएच दीड ते साडेतीन. ग्लासभर पाणी तिथं कितीसा वेळ टिकणार? रक्ताचा पीएच 7.35 ते 7.45 च्या मध्ये ठेवायचं काम फुप्फुसं आणि किडनी करतात, तेही विनाईएमआय. 2012 मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगात 8.8 पीएचच्या पाण्यानं पेप्सिन हे पाचक द्रव्य निकामी झालं होतं. पण ते परीक्षानळीत, पोटात नाही. आणि ग्लो? निरोगी त्वचा स्वतःच किंचित आम्लधर्मी असते, पाचच्या आसपास! अल्कलाइन पाण्यानं ती उजळते याला ठोस पुरावा नाही. किडनीचा त्रास असेल तर असलं पाणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

मग मामांना काहीच फरक पडला नाही? पडला ना! 'पहिल्यापेक्षा बरं वाटतंय,' मामा म्हणाले. मामी लगेच, 'वाटंलच की. मशीन आल्यापासून दिवसाला आठ ग्लास पाणी पितेत अन् चहा दोनदाच. आधी सहादा व्हता.' मामा गप्प. विकायला चार माणसं त्यांना अजून मिळालेली नाहीत. गावात सगळे नात्यातलेच, मागायचं कुणाकडे? हप्ते मात्र चालूच. हे सांगताना त्यांनी नजर खाली घातली, तेव्हा मला आमचा हॉल आठवला.

रात्री आईला फोन केला. म्हटलं, 'एफडी राहू दे. आधी डॉक्टरकडे जाऊ.' आई नाराज. 'पण ते जांभळं पाणी...' 'आई, खायचा सोडा टाकलेल्या पाण्यातही ते थेंब रंग बदलतील.' पलीकडे शांतता. मग, 'बरं, शनिवारची अपॉइंटमेंट घे.'

निघताना मामींनी बाटली भरून दिली. माठातलीच. सौताड्याच्या घाटापर्यंत ती संपलीसुद्धा, आणि एक घोटही वाया गेला नाही. पावसाळ्यात परत जाणारे, धबधबा बघायला. तुम्हीही जा. पाणी मात्र जपून वापरा, तिकडच्यासारखं!