पुरतं एक मिनिट

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये नवा मराठी माणूस भेटला की नावगाव झाल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कोणत्या कंपनीत? गणपतीच्या आरतीला, किराणा दुकानात, मुलांच्या मराठी शाळेच्या दारात, सगळीकडे तोच. मी सांगायची, कम्युनिटी कॉलेजात नर्सिंग शिकते. समोरचा जरा थांबायचा आणि म्हणायचा, 'अरे वा, म्हणजे पुढे डॉक्टर?' नाही, पुढे नर्स.

ते थांबणं माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. माझी आत्या हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर एएनएम होती. गावात तिला नर्सबाई म्हणून मान होता, अर्ध्या रात्री लोक कंदील घेऊन दारात यायचे. पण तिच्या लग्नाची बोलणी चालली की पाहुणे असेच थांबायचे. 'पोरगी गावोगाव फिरते' हे वाक्य कुणी बोलून दाखवायचं, कुणी नाही. आत्याने लग्न उशिरा केलं आणि नोकरी सोडली नाही. शंभर वर्षांपूर्वी रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने पुण्यात बायकांना परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळवलं, तेव्हाही घराघरांतून हेच ऐकावं लागलं होतं. इतक्या वर्षांनी, इतक्या दूर, तेच ऐकताना मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

मी इथे आले ती नवऱ्याच्या व्हिसाला जोडलेल्या एच-फोर व्हिसावर. नोकरी करता येत नव्हती, शिकता येत होतं. माझ्याकडे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची प्राणिशास्त्राची पदवी होती. कागद तपासून घेतले तेव्हा कळलं की शरीररचना, शरीरक्रिया आणि सूक्ष्मजीवशास्त्र हे तिन्ही विषय प्रयोगशाळेसह नव्याने करावे लागतील. करायला माझी हरकत नव्हती. पण त्या वर्गांत जागाच मिळेना. नोंदणी सुरू झाली की काही मिनिटांत वर्ग भरायचे. शेवटी एकीने सांगितलं, पहिल्या दिवशी वर्गात जाऊन मागे उभी राहा, कुणी गैरहजर राहिलं तर बाई जागा देतात. शरीररचनेच्या वर्गात आम्ही नऊजण भिंतीला पाठ लावून उभे होतो आणि हजेरी घेतली जात होती. एकेका नावानंतर उत्तर आलं नाही की आम्ही सगळे एकमेकांकडे बघायचो. दोन जागा सुटल्या. चिठ्ठ्या टाकल्या, दुसरी माझी निघाली.

ही कम्युनिटी कॉलेजं स्वस्त आहेत. कॅलिफोर्नियात वर्षभर राहिलेल्याला एका युनिटला ४६ डॉलर फी पडते, म्हणून तिथे गर्दी. नर्सिंग या कॉलेजांत आलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर, अमेरिकेत नर्सची टंचाई झाली तेव्हा. मिल्ड्रेड मॉन्टॅग नावाच्या प्राध्यापिकेने नर्सिंग शिक्षण रुग्णालयातून काढून दोन वर्षांच्या कॉलेजात नेण्याची योजना मांडली आणि १९५२ साली त्याचा प्रयोग सुरू झाला. आज दोन वर्षं शिकलेली आणि चार वर्षं शिकलेली, दोघी परवान्यासाठी एकच परीक्षा देतात. दोन वर्षं म्हणतात, पण आधीचे विषय आणि प्रवेशाची वाट धरली तर माझी पाच झाली.

प्रवेश काही ठिकाणी सोडतीने होतो, काही ठिकाणी गुणांनी. आमच्या कॉलेजात गुण होते: आधीच्या विषयांचे, टीज नावाच्या प्रवेशपरीक्षेचे, दवाखान्यात काम केलं असेल तर त्याचे. आणि इंग्रजीशिवाय दुसरी भाषा येत असेल तर तिचेही. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात त्या भाषांची यादी आहे, स्पॅनिश, चिनी, तागालोग, फार्सी, आणि भारतीय उपखंडातल्या भाषा. फॉर्ममधल्या त्या रकान्यात मी 'मराठी, हिंदी' लिहिलं. लहानपणापासून इंग्रजी येत नाही म्हणून मागे बसलेल्या मुलीला मराठी येते म्हणून गुण मिळत होते. मी तो रकाना भरून झाल्यावर बराच वेळ तसाच उघडा ठेवला होता. पहिल्या वर्षी नकार आला. दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये पत्र आलं.

आमच्या तुकडीत चाळीसजण होतो. पहिल्याच दिवशी सांगितलं, पास व्हायला पंचाहत्तर टक्के, अपूर्णांक वर ओढला जाणार नाही. औषधांच्या मात्रांच्या गणिताला नव्वद, आणि तिथे दशांशचिन्ह चुकलं तर अर्धे गुण वगैरे काही नाही. हे मला पटलं होतं, आजही पटतं. ०.५ मिलिग्रॅमच्या जागी ५ गेलं तर माणूस मरतो.

अवघड गेलं ते प्रश्नांचं वळण. मी एकवीस अपेक्षित प्रश्नसंचावर वाढलेली मुलगी. उत्तर पाठ असलं की उत्तर आलं, हा माझा समज. इथे चार पर्याय असायचे आणि चारही बरोबर असायचे. चार खाटांवर चार माणसं आहेत: एकाला ताप, एकाला वेदना, एक घरी जायचं म्हणून भांडतोय, एक आत्तापर्यंत बोलत होता आणि आता गप्प आहे. आधी कुणाकडे जाल? पहिल्या परीक्षेत मी वेदनेकडे गेले, तापाकडे गेले, आणि मला एकाहत्तर मिळाले. गप्प झालेल्याकडे आधी जायचं असतं, हे अंगात मुरायला एक सत्र लागलं.

माझ्या शेजारी एक फिलिपिनो मुलगी बसायची. रात्री वृद्धाश्रमात काम, सकाळी वर्ग, घरी चार वर्षांचा मुलगा. आईवेगळ्या लेकराला हात लावावा तसा ती रुग्णाला हात लावायची. तिसऱ्या सत्राच्या शेवटी तिला ७४.४ मिळाले. एकदा ती आधीच नापास झालेली होती, दुसऱ्यांदा म्हणजे बाहेर. वाहनतळावर आम्ही दोघी उभ्या होतो. तिने तिचा स्टेथोस्कोप माझ्या हातात दिला, म्हणाली, माझ्यापेक्षा तुझा जुना आहे. मी नियमाच्या बाजूची आहे, दशांशाच्या बाजूची आहे. तरी त्या ०.६ मध्ये एक चांगली नर्स गेली असं मला आजही वाटतं, आणि या दोन गोष्टींचा मेळ मला घालता आलेला नाही.

तोच स्टेथोस्कोप चौथ्या सत्रात गळ्यात होता. पहाटे साडेपाचला निघायचं, पावणेसातला वॉर्डवर हजर. माझ्याकडे एक पंजाबी आजोबा होते, हृदयाचे ठोके अनियमित, पायांना सूज. नऊच्या औषधांत डिगॉक्सिन होतं. हे औषध हृदय संथ करतं. थोडं जास्त झालं तर फार संथ करतं. म्हणून ते देण्याआधी छातीवर, डाव्या बाजूला पाचव्या फटीत, स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणायचं नाही, कारण अशा हृदयाची पंधरा सेकंदं एकमेकांसारखी नसतात. पहाटे चारची नोंद अडुसष्ट होती. मी मोजले, बावन्न आले. घड्याळ बघत पुन्हा मोजले, पुन्हा बावन्न. साठाच्या खाली असेल तर गोळी थांबवायची आणि कळवायचं.

न्याहारीचं ताट तसंच पडलं होतं. मी हिंदीत विचारलं, खाल्लं का नाही? इंग्रजीत सगळ्यांना 'फाइन, फाइन' म्हणणारे आजोबा हिंदीत बोलू लागले. दोन दिवस अन्नाचा वास नको वाटतोय, मळमळतंय, सगळं पिवळट दिसतंय. पिवळट म्हटल्यावर माझे तळवे गार पडले. पुस्तकात हेच लिहिलेलं असतं.

आमच्या बाईंनी स्वतः मोजलं, मान हलवली. ड्यूटीवरच्या नर्सने फोन केला. थोड्या वेळात डॉक्टर फेरीला आले आणि बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, तू सांग. मला आमच्या घरी शिकवलेलं होतं की मोठ्या माणसापुढे, त्यातून डॉक्टरपुढे, आपण होऊन बोलायचं नाही. मी आकडा सांगितला, ताट सांगितलं, पिवळं दिसणं सांगितलं, आणि म्हणाले की मी गोळी दिलेली नाही. आवाज कापत होता. डॉक्टरांनी रक्ततपासणी लिहिली. डिगॉक्सिन वाढलेलं निघालं.

हे मी करू शकले, कारण त्या सकाळी वॉर्डवरच्या नर्सकडे पाचच रुग्ण होते. एका नर्सकडे जास्तीत जास्त किती रुग्ण, याचा कायदा कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये केला आणि २००४ पासून तो अमलात आणला. असं करणारं ते पहिलं राज्य. माय आजारी होती तेव्हा आमच्याकडच्या एका वॉर्डात मी सहा दिवस काढले. रात्री एक सिस्टर आणि सगळा वॉर्ड तिच्या एकटीवर. सलाईन संपलं की नातेवाईक हाक मारायचे, ती धावायची. तिने कुणाचे ठोके पूर्ण मिनिटभर कधी मोजायचे? २०२४ च्या ऑक्टोबरात हिंगोलीत शंभर जागांचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, तेव्हा मला इथे बसून खूप आनंद झाला. भावाला फोनवर मी विचारलं, तिथे नर्स किती घेणारेत? तो म्हणाला, ते कुणी विचारलं नाही.

परवान्याची परीक्षा संगणकावर असते. उत्तरं बघून पुढचा प्रश्न ठरतो, कमीत कमी पंच्याऐंशी, जास्तीत जास्त दीडशे. माझा संगणक पंच्याऐंशीला बंद झाला. चांगलं की वाईट, तिथे कळत नाही. दोन दिवसांनी कळलं.

आत्याला फोन लावला तेव्हा हिंगोलीत सकाळ झाली होती. तिला आजोबांची गोष्ट सांगितली. मला तिचं ते चित्र आठवत होतं: उपकेंद्राच्या ओट्यावर कुणाचं तरी लेकरू मांडीवर, अंगडं वर केलेलं, एका हातात सेकंदकाटा असलेलं घड्याळ. लेकराचं पोट वरखाली होताना ती श्वास मोजायची आणि ओट्यावरच्या सगळ्या बायका तेवढा वेळ गप्प बसायच्या. दोन महिन्यांच्या वरचं, वर्षाच्या आतलं लेकरू आणि मिनिटाला पन्नास किंवा वर, म्हणजे न्यूमोनिया धरायचा. तिच्याकडे कोट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या होत्या, घड्याळ होतं, आणि तालुक्याला जायला दिवसातून दोन एसट्या.

सगळं ऐकून घेऊन तिने विचारलं, 'पुरतं एक मिनिट मोजलंस का, लेकरा?'

'दोनदा मोजलं, आत्या.'

'मग ठीक,' ती म्हणाली, आणि पोरं जेवली का ते विचारू लागली.