वीस मिनिटं पाणी

भाजलेला माणूस आमच्या जळीत कक्षात येतो तेव्हा त्याच्या अंगावर बहुधा निम्मं स्वयंपाकघर थापलेलं असतं: हळद, तूप, बटाट्याचा कीस, शिवाय टूथपेस्ट. प्लास्टिक सर्जन म्हणून माझं पहिलं काम हे सगळं धुऊन काढणं. वेल्ह्याहून (आता राजगड तालुका) किंवा भोरच्या आतल्या वाडीतून आलेला असेल, तर पुण्यात पोचेपर्यंत लेप चांगला वाळलेला असतो.

भाजण्याचं एक कारण मेणबत्ती. या दोन तालुक्यांत ती हौसेपेक्षा गरजेची. पावसाळ्यात तोरणा-राजगडाच्या पायथ्याला एखादं झाड तारेवर आडवं झालं की लाईट कधी येईल याचा नेम नाही. मग मेणबत्ती मेणाच्या दोन थेंबांवर चिकटवली जाते, आणि ती टेकते कुठे? टीव्हीवर, प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणावर, नाहीतर कोनाड्यात. ज्योतीची खरी आच वर जाते, त्यामुळे कोनाड्याच्या वरच्या फळीवरचं कापड किंवा कॅलेंडर तापत राहतं. घरातले झोपलेले असतात. मेणबत्तीला खोलगट परात आणि परातीत ओली माती एवढं पुरतं. वर आणि आजूबाजूला हातभर जागा मोकळी, आणि झोपण्याआधी फुंकर. बॅटरी जवळ असेल तर मेणबत्ती लावूच नये, असं माझं सरळ मत आहे.

दिवाळीत आणखी एक गोष्ट जमून येते. भातकापणी याच सुमाराला, त्यामुळे पेंढा अंगणात किंवा पडवीत रचलेला असतो आणि त्याच अंगणात पणत्या-मेणबत्त्यांच्या ओळी लागतात. पोरींच्या अंगावर नायलॉनचे घेरदार घागरे. सुती कापड जळतं. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं, आणि ते सोडवताना कातडीही येते. ओळ उंबऱ्यापासून लांब, पेंढ्याकडे वारा वाहतो त्या बाजूला नको, आणि घागरा संध्याकाळच्या फोटोपुरता.

शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेनं १८६०-६१ च्या हिवाळ्यात लंडनला मुलांसाठी नुसत्या मेणबत्तीवर व्याख्यानमाला दिली. मेण नव्हे, मेणाची वाफ जळते, हे त्यानं दाखवलं. नुकत्या विझवलेल्या वातीच्या धुराला काडी लावा, ज्योत त्या धुरावरून खाली उतरते आणि वात पुन्हा पेटते. हे मी बचत गटांच्या बायकांना मुद्दाम करून दाखवतो, कारण दिवाळीसाठी मेण वितळवताना पातेलं थेट गॅसवर ठेवलं तर तीच वाफ पातेलंभर पेटते. अशा वेळी पाणी ओतू नये. पाणी मेणाखाली बसतं, क्षणात वाफ होऊन सुमारे १७०० पट फुगतं आणि पेटतं मेण छतापर्यंत उडवतं. गॅस बंद, वर झाकण, बस्स. मुळात मेणाचं भांडं उकळत्या पाण्याच्या पातेल्यातच ठेवावं.

केकवर ठिणग्या उडवणारी ती ‘मेणबत्ती’ तर शोभेची दारूच. ८ डिसेंबर २०२३ ला पिंपरी-चिंचवडमधल्या तळवड्यात असा माल बनवणाऱ्या कारखान्यात आग लागून तिथे काम करणाऱ्या बायकांचे जीव गेले. तीच वस्तू आपण लहान पोराच्या तोंडासमोर पेटवतो आणि वर पेट घेणारा वायू भरलेला फेसाचा स्प्रे मारतो!

एवढं करूनही भाजलंच, तर वीस मिनिटं वाहतं साधं पाणी. नळ नसेल तर हंड्यातून तांब्या-तांब्यानं, न थांबता. चिकटलेलं मेण ओरबाडू नका, पाण्याखाली ते घट्ट होतं. बर्फ नको. मूल असेल तर बाकीचं अंग गोधडीत ठेवा. पाण्याचा उपयोग भाजल्यावर तीन तासांपर्यंत होतो, म्हणून १०८ ला फोन लावून गाडीची वाट पाहतानाही पाणी चालू राहू द्या. नंतर स्वच्छ धुतलेलं सुती फडकं सैल गुंडाळा. अंगठ्या, बांगड्या सूज चढायच्या आत उतरवा. उशीर झाला की आम्हाला पाटल्या कापाव्या लागतात, आणि तेव्हा हाताची आग विसरून बाई आधी वजन किती घटेल ते विचारतात.