दांडा किती बाहेर आहे?

मिशिगनमध्ये नोकरीला लागल्यावर कुणी घरचं विचारलं, की मी सांगायचो, "बाबा ऑटोमोबाइलमध्ये आहेत." अगदीच खोटं नव्हतं. कराडला त्यांचं ट्रकच्या कमानी दुरुस्त करायचं दुकान आहे. शाळेतल्या मित्रांना ते दिसू नये म्हणून मी लांबच्या रस्त्याने घरी जायचो.

इथे दोन मित्रांसोबत ड्रॅग रेससाठी 1968 ची कॅमेरो घेतली. पाव मैल, म्हणजे 402 मीटर, सरळ सुटायचं. या गाडीला मागे ट्रकसारखेच पाटे असतात. वजन पेलायचं आणि अ‍ॅक्सलही जागेवर धरायचा, ही दोन्ही कामं त्यांचीच. जोरात सुटताना अ‍ॅक्सल पिळतो, पाटा 'एस'सारखा वाकतो आणि चाकं थडथडायला लागतात. म्हणून आम्ही ट्रॅक्शन बार लावले, जास्त बाकाचे नवे पाटे टाकले. शॉकअप मात्र कॅटलॉगात गाडीचं नाव बघून मागवले.

हिरवा दिवा लागला की टायर क्षणभर पकडायचे आणि लगेच जागेवर फिरायला लागायचे. टायरमधली हवा कमी केली, कार्ब्युरेटर उघडला. महिना गेला, पैसेही गेले.

एका रविवारी मी गाडीखाली असतानाच बाबांचा व्हिडिओ कॉल आला. ते बराच वेळ बघत राहिले.

"पाटे आहेत की रे हे!" मग म्हणाले, "गाडी चाकांवर उभी असताना शॉकअपचा दांडा किती बाहेर राहतो?"

गाडी खाली उतरवली, मित्राला सीटवर बसवलं आणि मोजलं. दांडा जवळजवळ सगळाच बाहेर होता. नव्या पाट्यांनी मागची बाजू आधीच उचलली होती. सुटताना ट्रॅक्शन बारमुळे बॉडी आणखी वर जायची, अ‍ॅक्सल खाली दाबला जायचा. शॉकअपला उघडायला जागाच नव्हती. तो टोकाला जाऊन अडकायचा आणि रस्त्यावर दाबलेलं चाक वर खेचायचा.

"वजन पाटा घेतो. शॉकअप फक्त घाई रोखतो," बाबा म्हणाले. "त्याला दोन्हीकडे जागा ठेव."

मग वरच्या-खालच्या बोल्टांमधलं अंतर मोजून, उघडायला आणि दबायला दोन्हीकडे जागा राहील असे लांब शॉकअप घेतले. उघडण्याचा आणि दबण्याचा कडकपणा वेगवेगळा बदलता येणारे. उघडणं आधी कडक ठेवलं. प्रत्येक वेळी बाजूने व्हिडिओ काढायचा, बघायचा आणि एकेक क्लिक सैल करायचं.

बसवताना बाबा कॉलवर होतेच. "जॅकवर असताना आवळू नको. चाकांवर उतरव, मग आवळ. नाहीतर रबरी बुश पिळलेलाच राहतो आणि लवकर फाटतो."

पुढच्या शनिवारी गाडी न घसरता सुटली. दुसऱ्या फेरीत हरलो, ते सोडा. शेजारच्या गाडीवाल्याने विचारलं, "हे कुणी शिकवलं?"

"बाबांनी," मी म्हणालो. "त्यांचं ट्रकच्या कमानींचं दुकान आहे."