कळ तीच, अक्षर निराळे

१/
मोडी कागदावर नुसता ‘११६१’ असा आकडा दिसतो. वर्ष कोणते? सन शुहूर असेल तर इ. स. १७६०-६१, म्हणजे पानिपताचे वर्ष. फसली असेल तर १७५१-५२. शाई तीच, आकडा तोच. केवळ कालगणना बदलली आणि घटना नऊ वर्षे मागे सरकली. आजचा धागा कळफलकाविषयी आहे, परंतु त्याचे मर्म या आकड्यातच आहे.

२/
कळफलकाला अक्षर ठाऊक नसते. ‘के’ छापलेली कळ दाबली की यूएसबीच्या तारेतून संगणकाकडे ‘के’ जात नाही. १४ हा क्रमांक जातो. ‘ए’च्या जागेला ४, ‘बी’च्या जागेला ५, असे हे जागांचे क्रमांक. त्या जागेचा अर्थ काय, हे संगणकातील कार्यप्रणाली ठरवते. कळेवर छापलेले चिन्ह हे वाचणाऱ्याच्या सोयीसाठी लावलेली पाटी, इतकेच.

३/
पूर्वी असे नव्हते. ख्रिस्तोफर शोल्स व सहकाऱ्यांना टंकलेखन यंत्राचे पेटंट १८६८ मध्ये मिळाले. १८७४ पासून रेमिंग्टनने ते बाजारात आणले. तेथे कळ आणि अक्षर एकाच लोखंडी दांड्याने जखडलेले होते. १८७८ च्या ‘रेमिंग्टन क्रमांक २’ मध्ये एका दांड्यावर दोन अक्षरे आली आणि त्यांतले हवे ते निवडण्यासाठी यंत्राचा भाग खरोखर सरकवावा लागे. ‘शिफ्ट’ हे नाव त्या सरकण्याचे. आज काहीच सरकत नाही. नाव मात्र उरले.

४/
संगणकाने हा लोखंडी सांधा तोडला आणि मग घराणी निर्माण झाली. १९८१ च्या आयबीएम पीसीवर कंट्रोल व ऑल्ट होत्या. १९८४ च्या मॅकिन्टॉशवर कमांड आली. तिचे चार फासांचे चिन्ह सुझन केअर यांनी चिन्हांच्या एका कोशातून निवडले. स्वीडनमध्ये ते प्रेक्षणीय स्थळाची खूण म्हणून वापरात होते. विंडोजची खिडकीची कळ आणखी दहा वर्षांनी, १९९४ मध्ये आली.

५/
आता गंमत पाहा. डावी कमांड आणि डावी खिडकी या दोन्ही कळा तारेतून एकच क्रमांक पाठवतात : २२७. डावी ऑप्शन आणि डावी ऑल्ट यांचाही क्रमांक एकच : २२६. म्हणून एका घराण्याचा कळफलक दुसऱ्या घरी चालतो. अडचण क्रमाची आहे. पीसीवर मोकळ्या जागेच्या लांब पट्टीशेजारी ऑल्ट असते, मॅकवर कमांड. दोन शेजाऱ्यांनी घरे बदलली आहेत. अंगठा मात्र जुन्याच दारावर थाप मारतो.

६/
माझा या विषयाशी संबंध पुस्तकी नाही. मी मलकापूरची. इतिहासाच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी वऱ्हाडातील मोडी कागदांचे बाळबोध लिप्यंतर करते आहे. घरातील जुन्या विंडोज संगणकाचा कळफलक निकामी झाला, तेव्हा मॅकसाठी घडवलेला एक वापरलेला कळफलक स्वस्तात मिळाला. भाषा बदलण्यासाठी सवयीने ऑल्ट-शिफ्ट दाबावे, तर अंगठा कमांडवर पडे आणि भाषा इंग्रजीच राही. मग मी ‘मलकापूर’ लिही आणि पडद्यावर ‘सी-एन-के-ई-एच-टी-जे’ ही रोमन अक्षरे उमटत.

७/
ती अक्षरे निरर्थक नव्हती. ते मलकापूरच होते, दुसऱ्या कालगणनेत वाचलेले. मी इन्स्क्रिप्ट मांडणी वापरते. १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती प्रमाणित केली. १९९१ च्या भारतीय मानकातही ती आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या. ‘के’च्या जागी क, शिफ्टसह ख. ब्राह्मीपासून निघालेल्या प्रमुख भारतीय लिप्यांना हाच नकाशा लागू पडतो : मराठीचा ‘क’ जेथे, तेथेच बंगालीचा आणि तेलुगूचाही.

८/
माझ्या आत्याचा नकाशा मात्र निराळा. तिने मराठी ३० शब्द प्रति मिनिट ही परीक्षा खडखडणाऱ्या यंत्रावर उत्तीर्ण केली. अनेक वर्षे तहसीलीबाहेर लोकांचे अर्ज टंकित केले. पुढे एका कार्यालयात कंत्राटी काम मिळाले. तेथे संगणक आले, त्यांत तिची मांडणी नव्हती, आणि ते काम सुटले. तिचे कौशल्य कमी झाले नव्हते. बोटे आणि अक्षरे यांच्यातील करार कोणी परस्पर बदलला होता.

९/
करार किती खोल असतो, ते ‘कि’ या अक्षरात दिसते. टंकलेखन यंत्रावर आधी वेलांटी, मग क. कागदावर दिसते त्या क्रमाने. इन्स्क्रिप्टमध्ये आधी क, मग वेलांटी. उच्चारतो त्या क्रमाने. युनिकोडही उच्चाराचाच क्रम साठवते. म्हणजे केवळ जागा बदलल्या नाहीत. डोळ्याने लिहिणाऱ्या माणसाला कानाने लिहावयास सांगितले गेले.

१०/
लिप्यंतराची दोनशे पाने माझ्यासमोर होती. आत्या म्हणाली, मी लिहून देते. मी कळांवर मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावू लागले, तर तिने हात धरला. “मले अक्षरं नोको दाखवू पोरी. जागा सांग.” शोल्सपासून यूएसबीपर्यंतचा सारा इतिहास त्या एका वाक्यात होता. तिला पाट्या वाचावयाच्या नव्हत्याच.

११/
मग दोन गोष्टी केल्या. पॉवरटॉइज या आज्ञावलीने २२६ आणि २२७ यांची अदलाबदल केली, म्हणजे शेजारी आपापल्या घरी परतले. (मॅकवर पीसीचा कळफलक लावणाऱ्यांना हीच अदलाबदल कळफलकाच्या सेटिंगमध्ये मिळते, लिनक्सवरही तशी सोय आहे.) दुसरे, टंकलेखन यंत्राची मांडणी बसवली. ती वेलांटी आधी स्वीकारते, व्यंजनाची वाट पाहते आणि क्रम उलटवून साठवते. आता एकाच फलकावर दिवसा आत्या आणि रात्री मी, आपापल्या नकाशाने लिहितो. छापील पाट्या आमच्यापैकी कोणाच्याच नाहीत.

१२/
एक कसोटी बाकी होती : ‘वऱ्हाड’. नुसता र, हलन्त आणि ह दिल्यास रफार ह च्या डोक्यावर चढतो आणि ‘वर्हाड’ होते. आपल्याला हवा तो आडवा र युनिकोडमध्ये नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडून मिळतो; इन्स्क्रिप्टमध्ये तो ऱ शिफ्टसह ‘जे’च्या जागी आहे. हिंदीला या आकाराची गरज नाही, म्हणून घाईने बनवलेल्या अनेक साधनांत तो विसरला जातो. आत्याच्या पहिल्या पानावर हा शब्द अकरा वेळा आला आणि अकराही वेळा बरोबर उमटला. नसता उमटला, तर आमच्या प्रांताचे नाव माझ्याच प्रबंधात चुकीचे छापले गेले असते.

१३/
तेव्हा मित्रहो, जुन्या कागदावर आकडा दिसला की आधी सन विचारा. संगणकात एखादी जुनी मराठी फाइल रोमन चिन्हांचा गोंधळ होऊन उघडली, तर ती फेकू नका. बहुधा ती जुन्या फाँटच्या करारात लिहिलेली असते. तो करार सापडला की मजकूर परत मिळतो.

आणि जिचे काम यंत्र बदलल्यामुळे गेले, तिला ‘हिला येत नाही’ असे म्हणण्यापूर्वी तिचा नकाशा कोणता होता, तेही विचारा. आत्याने आतापर्यंत बासष्ट पाने लिहिली आहेत. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तिचे नाव पहिले असेल.

धागा समाप्त.